फोनवर नीट दिसणारा मराठी मजकूर छापताना का विस्कटतो?

प्रश्न ऐरोलीतील एका गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांचा आहे. सभेची सूचना, विषयपत्रिका आणि इतिवृत्त त्या फोनवरच लिहितात, कारण घरी संगणक नाही. फोनवर सगळे जागच्या जागी दिसते. मात्र तीच फाइल ठाणे स्टेशनजवळ झेरॉक्सच्या दुकानात छापायला दिली की संस्थेचे नाव मधोमध राहत नाही, सहीची जागा भलतीकडे सरकते, अक्षराचे वळण बदलते आणि दोन पानांच्या मजकुराच्या चार ओळी तिसऱ्या पानावर जातात. फोनवर मांडणी करण्याची खात्रीची रीत कोणती आणि त्यासाठी वर्ड वापरावे की गूगल डॉक्स, असे त्यांनी विचारले आहे. मी नौपाड्यात डीटीपीचे काम करतो. अशा फाइली माझ्याकडे नेहमी येतात, आणि वार्षिक सर्वसाधारण सभांच्या दिवसांत, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात, तर त्यांचीच गर्दी असते. म्हणून उत्तर थोडे तपशिलात देतो.

तुमची फाइल बिघडलेली नाही आणि छापणाऱ्यानेही बहुधा काही चुकवलेले नाही. फोनवर वर्डमध्ये मजकूर जसा दिसतो ते कागदाचे पान असेलच असे नाही. बारीक पडद्यावर वाचणे सोपे जावे म्हणून ॲप मजकूर पडद्याच्या रुंदीइतकाच पसरवते. ओळ तिथे तुटते, समास दिसत नाहीत आणि एक पान कुठे संपून दुसरे कुठे सुरू होते हेही कळत नाही. या दृश्यात सहीची जागा उजवीकडे नेण्यासाठी तुम्ही वीस-पंचवीस वेळा स्पेस दिली असेल, तर ती जागा पडद्याच्या रुंदीच्या हिशेबाने उजवीकडे गेलेली असते. कागद पडद्यापेक्षा बराच रुंद असल्यामुळे तीच सही तिथे डाव्या अर्ध्यातच अडकते. तुमच्या बहुतेक तक्रारींचे मूळ हे आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या पडद्यानुसार अक्षरे ढकलत न बसता, हा परिच्छेद मधोमध, तो उजवीकडे, हा मथळा, अशी सूचना फाइलमध्येच नोंदवायची. अशी सूचना कोणत्याही पडद्यावर आणि कोणत्याही कागदावर तशीच पाळली जाते.

म्हणून कामाला लागण्यापूर्वी पानाचे दृश्य चालू करून घ्या. वर्डमध्ये फोनसाठीचे दृश्य आणि छापील पानाचे दृश्य यांत अदलाबदल करणारे चिन्ह पट्टीवर असते आणि ‘व्ह्यू’ या भागातही हा पर्याय मिळतो. गूगल डॉक्समध्ये वरच्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवले की ‘प्रिंट लेआउट’ची कळ दिसते. पानाच्या दृश्यात अक्षर फार बारीक दिसते, आणि त्यात टंकलेखन करणे डोळ्यांना जाचक होते, हे खरे आहे. मी लोकांना असे सांगतो की मजकूर साध्या दृश्यात लिहा, पण मांडणीचा प्रत्येक निर्णय पानाच्या दृश्यात तपासून घ्या; दोन बोटांनी पान मोठे करून पाहिले म्हणजे पुरे.

त्याच वेळी कागदाचा आकार बघा. याकडे जवळजवळ कोणीच लक्ष देत नाही, आणि पानांची संख्या बदलण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. ॲपची भाषा किंवा प्रदेश अमेरिकी इंग्रजीवर असेल तर नवी फाइल पुष्कळदा ‘लेटर’ आकारात उघडते. तो कागद २१६ बाय २७९ मिलिमीटर असतो, तर आपल्याकडे दुकानांत सर्रास वापरला जाणारा ए४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटर. म्हणजे ए४ सहा मिलिमीटरने अरुंद आणि अठरा मिलिमीटरने उंच आहे. लेटरवर जुळवलेली फाइल ए४वर छापताना प्रिंटर एकतर सगळे पान थोडे लहान करतो किंवा कडा कापतो, आणि दुकानदाराने संगणकावर आकार बदलला तर ओळी नव्याने तुटतात. डॉक्समध्ये तीन ठिपक्यांखाली ‘पेज सेटअप’ आणि वर्डमध्ये ‘लेआउट’ या भागात आकार निवडता येतो. इतिवृत्त पुढे फाइलला लावायचे असते, म्हणून डावा समास दीड इंच ठेवला तर पंचिंगच्या भोकांत अक्षरे जात नाहीत. बाकीच्या तीन बाजूंना एक इंच पुरतो.

आता प्रत्यक्ष मांडणीकडे येऊ. फोनवर मजकूर निवडणे हेच सर्वांत कटकटीचे काम असते. बोट जाड, अक्षर बारीक, आणि निवडीची ती दोन टोके हवी तिथे थांबत नाहीत. पण मधोमध आणणे, उजवीकडे नेणे, ओळींमधले अंतर ठरवणे, मथळ्याची शैली देणे या सर्व गोष्टी परिच्छेदाला लागू होतात, आणि परिच्छेदाला काही लागू करायचे असेल तर तो निवडण्याची गरजच नसते. त्या परिच्छेदात कुठेही एकदा बोट टेकवून कर्सर आणा आणि कळ दाबा, एवढे पुरेसे असते. उलट अर्धवट निवड केल्याने घोळ होतो: मथळ्यातले दोनच शब्द निवडून त्यांना मथळ्याची शैली दिली, तर वर्ड ती शैली तेवढ्याच दोन शब्दांना देऊ शकते, आणि मग एकाच ओळीत दोन आकारांची अक्षरे दिसतात. फक्त ठळक अक्षर किंवा अक्षराचा आकार यांसारख्या गोष्टींसाठी शब्द निवडावे लागतात. त्यासाठी शब्दावर दोनदा टिचकी मारणे हा टोके ओढत बसण्यापेक्षा बरा मार्ग आहे.

कळा कुठे आहेत, हेही सांगतो. वर्डमध्ये पेन्सिलीच्या चिन्हावर बोट ठेवून संपादन सुरू केले की कळफलकाच्या वर एक छोटी पट्टी येते. ती उघडून मोठी केली की ‘होम’ या नावाखाली फॉन्ट, आकार, शैली, परिच्छेद असे सर्व काही एकाखाली एक मिळते, आणि ‘होम’ या नावावरच बोट ठेवले की ‘इन्सर्ट’, ‘लेआउट’, ‘रिव्ह्यू’ हे इतर भाग उघडतात. डॉक्समध्ये इंग्रजी ए आणि त्याच्या बाजूला आडव्या रेघा असे चिन्ह असते. त्यात ‘टेक्स्ट’ आणि ‘पॅराग्राफ’ असे दोन भाग आहेत, आणि शैली पहिल्या भागात आहेत, हे लक्षात ठेवा. दुसऱ्या भागात शोधून अनेक जण ती सोय फोनवर नाहीच असे ठरवून टाकतात.

शैलींचा मुद्दा मी थोडा लांबवणार आहे, कारण बाकी सर्व त्यावर उभे आहे. तुमच्या सूचनेत मजकुराचे चारपाचच प्रकार असतात: संस्थेचे नाव, ‘सभेची सूचना’ हा मथळा, प्रत्येक विषयाचे शीर्षक, साधा मजकूर, आणि स्थळ-दिनांक-सही. प्रत्येक वेळी नावाचे अक्षर मोठे करा, ठळक करा, मधोमध आणा, खाली जागा सोडा, अशा चार क्रिया करण्याऐवजी ‘टायटल’, ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ आणि ‘नॉर्मल’ या तयार शैली त्या त्या परिच्छेदाला द्याव्यात. शैलीमध्ये परिच्छेदाच्या आधीचे आणि नंतरचे अंतर आधीच ठरलेले असते, त्यामुळे दोन परिच्छेदांत मोकळी ओळ सोडण्यासाठी एंटर दोनदा मारावे लागत नाही. हे रिकामे एंटर फार त्रास देतात. छापताना फॉन्ट जरासा बदलला की प्रत्येक रिकाम्या ओळीची उंचीही बदलते, आणि अशा दहा-बारा ओळी मिळून तुमची सही तिसऱ्या पानावर ढकलतात. नवे पान सुरू करण्यासाठीही एंटर मारत खाली जाऊ नका. दोन्ही ॲपमध्ये ‘इन्सर्ट’मध्ये, म्हणजे डॉक्समधल्या अधिकच्या चिन्हाखाली, ‘पेज ब्रेक’ आहे.

अडचण एकच आहे. फोनवर शैली देता येतात, पण त्या शैलीचे रूप बदलता येत नाही. वर्डची तयार ‘हेडिंग’ बहुधा निळसर रंगाची असते, आणि सूचनाफलकावर लावायच्या कागदाला ती शोभत नाही. म्हणून एकदाच, ओळखीच्या कोणाच्या लॅपटॉपवर म्हणा किंवा एखाद्या टायपिंगच्या दुकानात बसून म्हणा, संगणकावर एक कोरा साचा तयार करून घ्या. वर्डमध्ये शैलीच्या नावावर उजवी कळ दाबून ‘मॉडिफाय’ निवडले की ती हवी तशी करता येते. डॉक्समध्ये एका मथळ्याला हवे ते रूप देऊन ‘फॉरमॅट’ आणि ‘पॅराग्राफ स्टाइल्स’मधून ‘हेडिंग १’ त्या रूपाशी जुळवून घेता येते. कागद ए४, समास, फॉन्ट, संस्थेचे नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता, सहीची जागा हे सर्व त्या साच्यात असावे. पुढे प्रत्येक सभेच्या वेळी फोनवर त्याची प्रत काढायची, प्रतीला नवे नाव द्यायचे आणि मजकूर भरायचा. एवढे केलेत तर फोनवर तुमच्यासाठी मांडणीचे काम जवळपास उरणार नाही.

सहीच्या जागेचे वेगळे सांगायला हवे. डावीकडे ‘स्थळ: ऐरोली’ आणि ‘दिनांक’, तर त्याच ओळींत उजवीकडे ‘सचिव’ आणि संस्थेचे नाव, अशी आपल्याकडची पद्धत आहे. संगणकावर हे टॅब देऊन करतात, पण फोनच्या कळफलकावर टॅबची कळ नसते आणि मोजपट्टीही दिसत नाही. म्हणूनच लोक स्पेस मारतात. याला सरळ उपाय म्हणजे दोन रकान्यांचा, एका ओळीचा तक्ता. ‘इन्सर्ट’मधून तक्ता घ्या, डाव्या चौकटीत स्थळ व दिनांक लिहा, उजव्या चौकटीत सचिवांचे नाव लिहून त्या चौकटीला मधली किंवा उजवी जुळणी द्या आणि शेवटी तक्त्याच्या रेघा काढून टाका. वर्डमध्ये तक्त्यात कर्सर असताना तक्त्याची वेगळी पट्टी दिसते आणि तीत रेघा काढण्याचा पर्याय असतो. रेघा काढण्याची कळ सापडली नाही तर त्यांचा रंग पांढरा केला तरी कागदावर तोच परिणाम मिळतो. सूचक आणि अनुमोदक यांची नावे समोरासमोर हवी असतील, तर तिथेही हाच उपाय चालतो.

आता फॉन्ट. इथे मराठी लिहिणाऱ्याची अडचण इंग्रजी लिहिणाऱ्यापेक्षा अगदी निराळी आहे, आणि फोनवरील वर्डची माहिती देणारे बहुतेक लेख इंग्रजी मजकूर गृहीत धरून लिहिलेले असल्याने त्यांत ती सापडत नाही. तुमच्या फोनवर फॉन्टच्या जागी ‘कॅलिब्री’ किंवा ‘एरियल’ लिहिलेले असेल. त्या फॉन्टमध्ये सहसा देवनागरी अक्षरे नसतातच. मग पडद्यावर मराठी दिसते कशी? ॲप गुपचूप दुसऱ्या फॉन्टातून अक्षरे उसनी आणते: अँड्रॉइडवर बहुधा नोटो सॅन्स देवनागरीतून, आयफोनवर कोहिनूर देवनागरीसारख्या फॉन्टातून, आणि विंडोजच्या संगणकावर मंगल किंवा निर्मलातून. नाव कॅलिब्रीचे आणि अक्षर तिसऱ्याचेच. त्यामुळे तीच फाइल तीन ठिकाणी तीन रूपांत दिसते, आणि तुम्ही कॅलिब्री काढून टाइम्स न्यू रोमन लावले तरी मराठी मजकुरात काहीच फरक पडत नाही, फक्त इंग्रजी शब्द आणि इंग्रजी आकडे तेवढे बदलतात.

तिसऱ्या पानावर जाणाऱ्या चार ओळींचे कारणही बहुधा इथेच सापडेल. प्रत्येक फॉन्टमध्ये वर वेलांटी-मात्रांसाठी आणि खाली उकारांसाठी किती जागा सोडायची हे ठरलेले असते. मंगलमध्ये ही जागा ऐसपैस आहे, म्हणून त्याच १२ पॉइंटांत (पॉइंट म्हणजे अक्षराच्या आकाराचे माप) आणि त्याच एकेरी अंतरात मंगलच्या ओळी कागदावर जास्त जागा खातात. उलट कोकिला आणि अपराजिता हे विंडोजसाठीचे फॉन्ट १२ पॉइंटांत इतके लहान दिसतात की ते सोळावर नेल्याशिवाय ज्येष्ठ सभासदांना वाचता येत नाहीत. देवनागरीत पॉइंटाचा आकडा पाहून अक्षराचा अंदाज येत नाही; छापलेला कागद हातभर अंतरावर धरून वाचणे हीच खरी कसोटी आहे.

याच्या आत आणखी एक गुंता आहे. वर्डची फाइल फॉन्टचे नाव एकाच ठिकाणी ठेवत नाही. रोमन लिपीसाठी एक नोंद, चिनी-जपानीसारख्या लिप्यांसाठी दुसरी, आणि देवनागरी, अरबी यांसारख्या ज्या लिप्यांना वर्ड ‘कॉम्प्लेक्स’ म्हणते त्यांच्यासाठी तिसरी, अशा त्या वेगळ्या नोंदी असतात. अक्षराचा आकार आणि ठळकपणा यांचीही देवनागरीसाठी वेगळी नोंद असते. त्यामुळे एका ॲपने दिलेला आकार रोमनच्या नोंदीत जातो, दुसरे ॲप देवनागरीची नोंद वाचते, आणि तुम्ही १४ केलेला मजकूर दुकानाच्या संगणकावर ११ चाच उमटतो. दुकानदाराने संपूर्ण मजकूर निवडून आकार बदलला आणि फक्त तारखेतले इंग्रजी आकडे मोठे झाले, असेही यामुळे होते. संगणकावरच्या वर्डमध्ये फॉन्टची मोठी चौकट उघडली, आणि मराठी किंवा हिंदी भाषा तिथे जोडलेली असली, तर ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’साठी वेगळा फॉन्ट आणि वेगळा आकार देण्याची सोय दिसते. साचा तयार करताना ती भरून घ्या, कारण फोनवर ही चौकट मिळत नाही. आणि एका कागदात एकाच प्रकारचे आकडे वापरा: ‘१५ ऑगस्ट’ एका ओळीत देवनागरी आकड्यांत आणि पुढच्या ओळीत इंग्रजी आकड्यांत लिहिले की दोन्ही आकडे दोन फॉन्टांतून येतात आणि कागद ठिगळ लावल्यासारखा दिसतो.

कोणता फॉन्ट घ्यावा, असे विचाराल तर गूगल डॉक्ससाठी मी ‘मुक्ता’ सुचवतो. मुंबईच्या एक टाइप या अक्षररचनाकारांच्या गटाने तो केला आहे, त्याला स्वतःचे खरेखुरे ठळक रूप आहे आणि लहान आकारातही जोडाक्षरे गिजबिज होत नाहीत. इतिवृत्तासारख्या लांब मजकुराला जाड-बारीक वळणाचे अक्षर आवडत असेल तर नोटो सेरिफ देवनागरी चांगला, आणि ल, श ही अक्षरे मराठी वळणाचीच हवीत असा आग्रह असेल तर टिरो देवनागरी मराठी. माझा तो आग्रह असतो. मात्र टिरोला वेगळे ठळक रूप नाही. संगणकावर डॉक्समध्ये ‘मोअर फॉन्ट्स’मधून यांपैकी एक निवडून साच्यात बसवला की फोनवर त्या साच्यात पुन्हा फॉन्टला हात लावू नका.

ठळक, तिरपे आणि अधोरेखित ही तीन रूपे ओळीने शेजारी दिसतात म्हणून ती सारखीच उपयोगी असतील असे वाटते, पण देवनागरीत तसे नाही. देवनागरी फॉन्टांना स्वतःचे तिरपे वळण क्वचितच असते. ॲप सरळ अक्षर नुसते कलते करते, आणि शिरोरेघेखाली ते पडल्यासारखे दिसते. अधोरेखा त्याहून वाईट, कारण ती उकार, ऊकार आणि ‘द्व’, ‘ट्ठ’ यांसारख्या खाली उतरणाऱ्या जोडाक्षरांना मधूनच छेदते आणि ‘सु’चा ‘सू’ झाला की काय अशी शंका येते. टाइपरायटरवर ठळक अक्षर नव्हते म्हणून मथळ्याखाली रेघ मारण्याची सवय लागली, आणि सरकारी पत्रव्यवहारात ती अजूनही दिसते. तुमच्या सूचनेत एकटे ठळक रूप पुरेसे आहे. तेही मथळ्यांना आणि सभेचा दिनांक, वेळ, ठिकाण एवढ्यालाच द्या.

ओळींमधले अंतर १.१५ ते १.५ यांच्या दरम्यान ठेवावे, मुक्तासाठी १.१५ पुरते. दुसऱ्याच्या जुन्या फाइलवर काम करताना वेलांट्या आणि रफार वरून कापलेले दिसले, तर त्या फाइलमध्ये अंतर ठरावीक पॉइंटांत बांधलेले आहे असे समजा आणि ते १.१५ करून पाहा. दोन्ही कडा सरळ करण्याची जुळणी मात्र टाळा. मराठीत ‘अधिमंडळाच्या’, ‘लेखापरीक्षकांच्या’ असे प्रत्यय लागलेले लांब शब्द असतात, ॲप ते ओळीच्या शेवटी तोडत नाही, आणि मग ओळ भरण्यासाठी शब्दांत मोठमोठ्या फटी पडतात. डावी जुळणी दिसायला साधी असते, पण वाचायला चांगली.

विषयांच्या क्रमांकांबाबत माझे मत थोडे जुन्या वळणाचे आहे. स्वयंचलित क्रमांकाची कळ फोनवर साधारणपणे इंग्रजी आकडे देते. संगणकावरच्या वर्डमध्ये देवनागरी क्रमांक निवडता येतात, पण ती फाइल फोनवर आणि डॉक्समध्ये उघडून परत पाठवेपर्यंत ते टिकतील याची खात्री नाही. त्यातून ठरावाच्या मध्ये एक परिच्छेद आला की क्रमांक पुन्हा १ पासून सुरू होतात. सभेच्या कागदात विषय क्रमांक बदलणे ही साधी चूक राहत नाही, कारण ठराव त्याच क्रमांकाने ओळखला जातो. म्हणून ‘विषय क्र. ३’ असे हाताने लिहा आणि त्या ओळीला ‘हेडिंग २’ द्या. मथळ्याची शैली दिल्यामुळे हे विषय दोन्ही ॲपच्या आराखड्यात दिसतात, आणि वीस पानांच्या इतिवृत्तात हव्या त्या विषयावर एका टिचकीत जाता येते. फोनवर ही सोय फार उपयोगी पडते.

मजकूर बाहेरून आणताना काळजी घ्या. समितीच्या व्हॉट्सॲप गटातून मजकूर उचलला की ठळक शब्दांभोवतीच्या चांदण्या आणि तिरप्या शब्दांभोवतीच्या अधोरेषा तशाच येतात, आणि अनेक संदेश एकदम उचलले तर प्रत्येकापुढे तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचे नावही येते. असा मजकूर, किंवा एखाद्या संकेतस्थळावरचा उतारा, चिकटवताना बोट दाबून धरल्यावर येणाऱ्या यादीतला मांडणीविना चिकटवण्याचा पर्याय निवडा आणि मग शैली द्या. बोलून लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की आवाजी टंकलेखन सहसा सगळा मजकूर एकाच सलग परिच्छेदात आणि पुष्कळदा विरामचिन्हांविना टाकते. आधी परिच्छेद पाडा, मगच मांडणीला हात घाला.

संस्थेची जुनी इतिवृत्ते फोनवर उघडली आणि इंग्रजी अक्षरे व चिन्हांचा गोंधळ दिसला, तर ती बहुधा श्री-लिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टात केलेली आहेत; युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी आजची सर्वमान्य पद्धत. त्या फॉन्टात रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले असतात, त्यामुळे तोच फॉन्ट नसला की खालचा रोमन कचरा उघडा पडतो. फोनवर फॉन्ट बदलून हे सुटत नाही. संगणकावर परिवर्तकातून मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो आणि मुळाशी ताडून वाचावा लागतो, कारण रफार आणि ऱ्हस्व वेलांटी अशा परिवर्तनात हमखास जागा चुकतात.

वर्ड की डॉक्स, याचे उत्तर मी तुमच्या परिस्थितीपुरते देतो. तुमच्याकडे फक्त फोन आहे, कागद मराठीत आहे, आणि खजिनदार व अध्यक्ष यांनाही तो वाचून दुरुस्त करायचा आहे; अशा वेळी गूगल डॉक्स सोयीचे. साच्यातला फॉन्ट तिघांच्याही फोनवर सारखा दिसतो आणि फाइलच्या पाच प्रती पाच नावांनी फिरत नाहीत. लेखापरीक्षक किंवा वकील वर्डची फाइल मागत असतील, तपशीलवार तक्ते असतील, किंवा दुरुस्त्यांची नोंद ठेवून फाइल परत पाठवायची असेल, तर वर्ड. फोनवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की साधे संपादन फुकट करता येते, पण काही सोयी सशुल्क आहेत. एकच काळजी घ्या: एक कागद आज डॉक्समध्ये आणि उद्या वर्डमध्ये उघडून दुरुस्त करत राहू नका. प्रत्येक फेरीत शैली आणि अंतरे थोडी थोडी बदलतात.

शेवटी छपाई. दुकानात वर्डची फाइल कधीच पाठवू नका, पीडीएफ पाठवा. पीडीएफमध्ये फॉन्टची अक्षरे फाइलमध्येच बांधली जातात आणि ओळ जिथे तुटली तिथेच राहते, म्हणून दुकानाच्या संगणकावर कोणते फॉन्ट आहेत याने फरक पडत नाही. डॉक्समध्ये तीन ठिपक्यांखालच्या ‘शेअर अँड एक्स्पोर्ट’मधून, आणि वर्डमध्ये छपाईच्या किंवा निर्यातीच्या पर्यायातून पीडीएफ तयार होते. ती व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. पडद्याचा फोटो काढून पाठवला तर अक्षराच्या कडा फुटतात. दुकानात ए४ कागद आणि मूळ आकार, म्हणजे ‘ॲक्च्युअल साइज’, असे सांगा. त्याआधी घरीच पीडीएफ उघडून पाने मोजा आणि सहीचा तक्ता एकटाच पुढच्या पानावर गेलेला नाही ना, ते बघा. तसा गेला असेल तर मजकुराचे अक्षर लहान न करता खालचा समास पाव इंचाने कमी करून पाहा.

वार्षिक सर्वसाधारण सभेच्या सूचनेला १४ पूर्ण दिवसांची मुदत लागते, त्यामुळे फेरछपाईत गेलेला दिवस मोजदादीत धरावा लागतो. दुरुस्ती निघालीच तर ती डॉक्समधल्या मूळ कागदात करा आणि पीडीएफ नव्याने काढा. फाइलच्या नावात सभेचा दिनांक आणि ‘प्रत २’ असे लिहा, आणि गटात आधी टाकलेली प्रत सर्वांसाठी पुसून टाका, म्हणजे फलकावर एक आणि सभासदांच्या फोनवर दुसरी अशी सूचना राहणार नाही.